समाहून रतनमहाल : ओढ्याकाठच्या मुक्कामाची तयारी

बडोद्यातल्या समाच्या अंगाने वाहणारी विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तिने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा समा-सावली रस्त्याच्या आसपास राहणाऱ्यांना एक गोष्ट कायमची कळली: डोंगरातला पाऊस डोंगरात राहत नाही. ओढ्याकाठी रात्र काढायला निघालेल्या माणसाला याहून जास्त काही ठाऊक असण्याची सुरुवातीला गरज नाही. आपल्याला दिसतं ते पाणी इथे पडलेलं नसतं, आणि ते आपल्यासाठी आलेलंही नसतं. तंबू कुठे ठोकायचा, जेवण कुठे ठेवायचं, रात्री किती बोलायचं, ही सगळी उत्तरं यातूनच निघतात.

बडोद्याला समुद्र लांब आणि थंड हवेचं ठिकाण त्याहून लांब, अशी तक्रार आपण नेहमी करतो. पण पूर्वेकडे हालोलच्या पुढे जमीन उंचसखल व्हायला लागते, साग आणि मोह दिसू लागतात आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीपर्यंत लहान लहान डोंगरांची, ओढ्यांची दाटी आहे. समाहून हरणी आणि गोल्डन चोकडी ओलांडली की हालोलचा रस्ता लागतो. चहाची तलफ आवरली तर तासाभरात पावागड उजाडतो.

पावागडावर मात्र मुक्कामाला जाऊ नका. चांपानेर-पावागडला २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, कालिकामातेला रोज माणसांचा लोट असतो, आणि तिथे बघण्यासारखं एवढं आहे की दिवस पुरत नाही. शांत झोपायची जागा ती नव्हे. ती जागा पुढे आहे.

पुढे दोन ठिकाणं आहेत. पहिलं जांबुघोडा: बडोद्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर, १३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य, १९९० मध्ये जाहीर झालेलं. कडा आणि तारगोळ हे तिथले दोन जलाशय. घरात लहान मुलं असतील आणि पहिलीच वेळ असेल तर इथून सुरुवात करा. काही बिनसलंच तर दोन तासांत घरी परत येता येतं, आणि पहिल्या मुक्कामाला एवढा आधार पुरेसा असतो. फक्त जलाशयाच्या काठाशी एक पथ्य पाळायचं. मगर म्हणजे काय हे बडोदेकरांना सांगायला नको, कारण पुराच्या दिवसांत ती आपल्या सोसायटीच्या फाटकाशी येते. जांबुघोड्याचं साचलेलं पाणीही त्याच नजरेने बघावं. कातरवेळेनंतर काठावर बसायचं नाही, भांडी घासायला पाण्यात उतरायचं नाही, आणि मुलांना पोहायला तर अजिबात सोडायचं नाही.

दुसरं ठिकाण रतनमहाल. या लेखाचा खरा विषय तोच. दाहोद जिल्ह्यातलं हे अस्वलांचं अभयारण्य १९८२ मध्ये जाहीर झालं. क्षेत्रफळ जेमतेम ५५ चौरस किलोमीटर, म्हणजे जांबुघोड्याच्या निम्म्याहून कमी. हालोल, घोघंबा, देवगड बारिया आणि मग कंजेटा असा रस्ता. घरापासून अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. डोंगराच्या माथ्यावर रत्नेश्वर महादेव आहे, आणि याच डोंगरांत पानम नदी उगम पावून पुढे महीला मिळते. बडोद्याच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा महीतून येतो, तेव्हा या ओढ्याशी आपलं नातं पर्यटकापेक्षा थोडं जवळचं आहे. पायथ्याला, पानमच्या काठी, उधल महुडा नावाचं वनखात्याचं मुक्कामाचं केंद्र आहे. मोठ्या झाडांची सावली, राहायला तंबू, जेवणाची सोय, आणि सूर्य मावळला की अंधार.

आता परवानगीचं. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर तंबू टाकायची सवय असलेले पाहुणे येतात आणि विचारतात, "गाडी थांबवून आवडली त्या जागी तंबू लावू या का?" नाही. अभयारण्यात शिरायलाच वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली परवानगी लागते. जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं हा त्याच कायद्याने गुन्हा आहे. स्वतःचा तंबू घेऊन हवं तिथे राहण्याचा प्रश्नच येत नाही. वनखात्याच्या केंद्रात आधी नोंदणी करायची आणि ओळखपत्र जवळ ठेवायचं. बऱ्याच केंद्रांचं रोजचं काम गावातली मंडळी बघतात. तुम्ही दिलेले पैसे त्यांच्या घरी पोचतात, आणि हे जंगल टिकण्याचं तेही एक कारण आहे. पावसाळ्यात अभयारण्यं बंद ठेवतात. बंदच्या आणि उघडण्याच्या तारखा त्या त्या वर्षी विचारून घ्याव्यात, ऐकीव माहितीवर निघू नये. ड्रोन घरी ठेवा. आणि एक स्पष्टच सांगतो: हद्दीपलीकडे मध्य प्रदेश आहे, तिथली बाटली गाडीत घालून आणायची कल्पना कोणाच्या डोक्यात येत असेल तर ती तिथेच मोडून काढा. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि जंगलातल्या नाक्यावर गाडी उघडून बघतात.

जायचं कधी, हा प्रश्न लोकांना वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. या डोंगरांतले ओढे बर्फावर नव्हे, पावसावर जगतात. ऑक्टोबरच्या मध्यावर ते खळखळत असतात, डिसेंबरात आवाज कमी होतो, फेब्रुवारीत धार तुटून सुटे डोह उरतात आणि एप्रिलात खडक उघडे पडतात. ओढ्याचा आवाज ऐकत झोपायचं असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबरचा मध्य एवढीच मुदत आहे. जानेवारीत थंडी छान असते, पण पाणी थोडं. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पडतात. तो हंगाम अस्वलांचा आणि फुलं वेचणाऱ्या गावकऱ्यांचा. आपण त्यात न गेलेलं बरं.

महिना ठरला की वार बघा. दिवाळी ते लाभपंचमी या दिवसांत सगळा गुजरात गाडी काढून बाहेर पडतो. त्या आठवड्यात शांत ओढा शोधणं म्हणजे उत्तरायणाच्या दिवशी रिकामं आभाळ शोधणं. शाळांना दिवाळीची सुट्टी २१ दिवसांची असते, तेव्हा लाभपंचमी उलटू द्या आणि सुट्टीच्या उरलेल्या भागातला सोमवार-मंगळवार घ्या. शनिवारी रात्री शेजारच्या तंबूत स्पीकर वाजला तर त्याचा दोष जंगलाला देऊ नका, तारखेला द्या. ३१ डिसेंबर तर विसरूनच जा. अमावास्येच्या आसपासची रात्र मिळाली तर उत्तम. १३-१४ डिसेंबरच्या सुमाराला मिथुन राशीतला उल्कावर्षाव टिपेला असतो. त्या वेळी चंद्र नसला तर अंथरुणावर पाठ टेकूनच तो दिसतो, दुर्बीण लागत नाही.

मुक्काम दोन रात्रींचा ठेवा. एका रात्रीचा मुक्काम म्हणजे सामान उतरवणं आणि सामान चढवणं. कानातला बडोद्याचा गोंगाट ओसरायला पहिली रात्र जाते, आणि ओढा खऱ्या अर्थाने ऐकू येतो तो दुसऱ्या दिवशी.

काही खाजगी शेतांवर आणि शिबिरांच्या जागांवर तंबूची जागा तुम्हालाच निवडू देतात. तिथे पाण्यापासून निदान साठ-सत्तर पावलं लांब जा. जवळ गेलं की चार गोष्टी बिघडतात. पहिली पुराची. ऑक्टोबरात परतीचा पाऊस डोंगरमाथ्यावर पडला तर खाली आभाळ निरभ्र असताना पाणी चढतं. काठावरच्या झुडपांत अडकलेलं गवत, काटक्या, प्लास्टिक कुठवर आहे ते बघा. मागच्या पुराची रेघ ती. तिच्या वरच राहायचं. कोरड्या पात्रातली मऊ वाळू मोह घालते, पण ती वाळू पाण्यानेच तिथे आणून टाकलेली असते. रात्री पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा वाहून यायला लागला किंवा आवाज अचानक बदलला, तर सामानाचा विचार न करता माणसं वर न्या.

दुसरी गोष्ट थंडीची. थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून खाली येऊन ओढ्याच्या खळग्यात साचते. वीस-तीस फूट वर असलेल्या तंबूत आणि पाण्याशी असलेल्या तंबूत पहाटे चांगलाच फरक जाणवतो, आणि खालचा तंबू दवाने चिंब होतो. तिसरी डासांची. त्याचं स्पष्टीकरण नको.

चौथी सगळ्यात मोठी. तो पाणवठा आहे. दिवसभर माणसं फिरत असतात म्हणून जनावरं दूर राहतात. रात्र त्यांची. अस्वल, बिबट्या, तरस, चौशिंगा, सगळ्यांना याच पाण्यावर यायचं असतं. आपण त्यांच्या वाटेवर पथारी पसरली तर एक तर ती तहानलेली परत जातात, नाही तर येतात. दोन्ही वाईट.

अस्वलाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण रतनमहालला जाणारा बिबट्याला घाबरतो आणि अस्वलाचे फोटो काढायला निघतो. हे उलटं आहे. बिबट्या माणसाला टाळतो. अस्वलाची नजर अधू, आणि वारूळ उकरत असलं किंवा मोह खात असलं की त्याला दुसऱ्या कशाचं भानच नसतं. माणूस दहा पावलांवर येऊन उभा राहिला की ते दचकतं, आणि दचकलेलं अस्वल पळून न जाता अंगावर येतं. म्हणून तुमची चाहूल त्याला आधीच लागू द्यावी. पहाटे किंवा संध्याकाळी पायवाटेने जाताना साध्या आवाजात बोलत चला, वळणावर टाळी वाजवा, काठी दगडावर आपटा. शांतता हवी म्हणून आलो आणि टाळ्या कसल्या वाजवता, असं मुलं विचारतील. शांतता मुक्कामाच्या जागी पाळायची, पायवाटेवर नाही. वाटाड्याशिवाय जंगलात शिरू नका. उकरलेलं ताजं वारूळ दिसलं की मागे फिरा. अस्वल लांबवर दिसलं तर वळून पळू नका, तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरा. पिल्लू दिसलं तर फोन खिशातच राहू द्या, कारण आई जवळपास असते. आणि वेळ आलीच, अंगावर आलंच, तर पालथं पडून हात मानेमागे बांधून चेहरा आणि मान वाचवायची. असं होण्याची शक्यता फार थोडी आहे, पण घरातल्या सगळ्यांना हे आधी सांगून ठेवा.

तंबूत खाण्याची एकही वस्तू ठेवायची नाही. बिस्किटाचा उघडा पुडा नको, मुलाच्या खिशातली चिक्की नको, लसणाच्या चटणीची बरणी तर नकोच. सगळं गाडीत किंवा स्वयंपाकघराच्या बंद खोलीत. अस्वलापेक्षाही याचा रोजचा फायदा मुंग्या, उंदीर आणि वानर यांच्याबाबतीत होतो. रात्री शौचाला मुलांना एकटं पाठवू नका, टॉर्च पायाशी धरा, आणि सकाळी बूट झटकून मगच पाय घाला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही या भागात आहेत. थंडीत ते कमी दिसतात, नसतात असं नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. चावा एवढा बारीक असतो की कधी कधी कळतही नाही. म्हणून पूर्ण चेन लागणारा तंबू किंवा खाट घ्या, उघड्यावर पथारी नको. चावा झालाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही. तो अवयव हलू द्यायचा नाही आणि थेट दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन लावायला रेंज कुठे मिळते हे पोचल्या पोचल्या केंद्रातल्या माणसाला विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी एखाद्या टेकाडावरच मिळते.

अंथरूण-पांघरुणाचा विचार करताना आपण सगळे वरून काय घ्यायचं त्याचा करतो. थंडी खालून येते. जमीन अंगातली ऊब रात्रभर ओढून घेते, आणि तिथे दुलई कितीही जाड असली तरी उपयोग नसतो. खाट नसेल तर अंगाखाली फोमची चटई आणि तिच्यावर घरची गोधडी. हवेची गादी या भागात नको. बाभळीचा एक काटा तिला पुरतो. कानटोपी, पायमोजे आणि झोपताना घालायचे कोरडे कपडे वेगळे ठेवा. दिवसभर घामाने ओले झालेले कपडे घालून झोपलं की पहाटे तीनला जाग येते. डिसेंबरात दुपारी शर्टाच्या बाह्या वर कराव्या लागतात आणि पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा एकाच जाड जाकिटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. तंबूच्या वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. घट्ट बंद केलं तर श्वासातलं पाणी कापडावर आतून जमून अंगावर ठिबकतं. आणि शेगडी, निखारे, सिगडी तंबूत कधीही न्यायची नाही. त्यातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. दरवर्षी हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतातच.

जेवणाचं ओझं कमी करा. बडोद्याच्या मराठी घरात एक सोय आहे: दशम्याही येतात आणि ठेपलेही. प्रवासाच्या दिवशी ते, सुखडी आणि भाजलेले शेंगदाणे एवढं पुरतं. केंद्रावर पोचल्यावर मात्र घरचा डबा बाजूला ठेवून तिथल्या बायकांच्या हातचं खा. मक्याचा रोटला आणि उडदाची डाळ हे या पट्ट्यातलं रोजचं जेवण. चुलीवरच्या मक्याच्या रोटल्याला जो धुरकट गोडवा असतो तो समातल्या गॅसवर येत नाही. पळसाच्या पानांत भाजलेले मक्याचे पानिये कोणी करून देत असेल तर नाही म्हणू नका. किती माणसं जेवणार ते आदल्या दिवशी कळवा, आयत्या वेळी पंधरा जणांची मागणी करू नका. शहरातून नेलेली मॅगी तिथे उकळत बसणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही.

ओढ्याचं पाणी कितीही निर्मळ दिसलं तरी उकळल्याशिवाय पिऊ नका. वर कुठे गुरं उतरली आहेत हे आपल्याला दिसत नसतं. माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरून पिण्याचं पाणी गाडीत न्या. ओढ्यात साबण नको, शाम्पू नको. पर्यावरणपूरक लिहिलेला साबणही नको, त्याचं विघटन मातीत होतं, पाण्यात नाही. अंघोळ करायचीच असेल तर बादली भरून साठ-सत्तर पावलं लांब जाऊन करा, पाणी जमिनीवर ओता. केंद्रात शौचालयं असतात, तीच वापरा. रानात वेळ आली तर पाण्यापासून तितकंच लांब, वीतभर खोल खड्डा, वर माती. कागद पिशवीत परत आणा. ओले रुमाल आणि मुलांचे डायपर कुजत नाहीत, हे लिहायची वेळ येऊ नये, पण येते.

शेकोटीबद्दल माझं मत कडवट वाटेल. शेकोटी नको. केंद्राने ठरलेल्या जागी, त्यांच्या लाकडांची पेटवली तर बसा. स्वतः लाकडं गोळा करू नका. पडलेलं वाळकं खोड आपल्याला सरपण वाटतं, पण वाळवीचं ते घर असतं आणि वाळवी हे अस्वलाचं अन्न. पोकळ झाडांच्या ढोलीत उडत्या खारी राहतात, आणि रतनमहालच्या रात्रीत बघण्यासारखं काही असेल तर अंधारात एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाणारी ही खार. आगीभोवती बसलेल्याला ती दिसत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि फोनचा एक झगझगीत क्षण ती सगळी सवय पुसून टाकतो. टॉर्चला लाल कागद लावा.

या भागाबद्दल थोडं वाचून गेलात तर मुक्काम जास्त रंगेल. १ डिसेंबर १८५८ रोजी, बरोबर याच हवामानात, नर्मदा ओलांडून बडोद्याच्या रोखाने आलेल्या तात्या टोप्यांना इंग्रजांच्या ब्रिगेडियर पार्कने छोटा उदेपूरला गाठलं. तात्यांचा पराभव झाला आणि बडोद्याची वाट तिथेच बंद झाली. पुढे दहा वर्षांनी, १८६८ मध्ये, जांबुघोड्याच्या परिसरात नायकडांनी बंड केलं. डोंगर आणि ओढे तेच आहेत. राठवा, भिल्ल, नायक, बारिया ही इथली माणसं आहेत, आपण त्यांच्या शेतांमधून जाणार असतो. न विचारता कोणाच्या घराचा, घरातल्या पिठोऱ्याचा फोटो काढू नका. पिठोरा म्हणजे राठवांच्या घरातली देवाची भिंत. आपल्या देवघरात कोणी कॅमेरा घेऊन घुसलं तर आपण काय म्हणू, एवढा विचार पुरे.

जांबुघोडा आणि रतनमहाल हे दोन्ही मुक्काम झाल्यावर ज्यांना खरं कोरडं, वाळवंटाच्या उंबरठ्यावरचं रान बघायचं असेल त्यांनी उत्तरेची वाट धरावी. समाला लागूनच दुमाड चोकडी आहे. तिथून द्रुतगती मार्गाने अहमदाबाद आणि पुढे पालनपूर, एकूण अडीचशे किलोमीटरहून जरा जास्त. पालनपूरच्या उत्तरेला चित्रासणीजवळ बालाराम नदी अरवलीच्या पायथ्याशी वाहते, काठावर बालाराम महादेवाचं देऊळ आहे. बालाराम-अंबाजी अभयारण्य १९८९ चं, त्याच्या शेजारचं जेसोर १९७८ चं, आणि दोन्हीकडे अस्वलं आहेत. इथे अरवली संपते आणि थरची कोरडी जमीन सुरू होते. बालारामचं पाणी बनासला मिळतं, आणि बनास समुद्राला न मिळता कच्छच्या छोट्या रणात जिरून जाते. रान काटेरी, झाडं खुजी, हवा कोरडी, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तारे रतनमहालपेक्षाही स्पष्ट आणि थंडी जास्त बोचरी. ओठ फुटतात, तहान कळत नाही, पाणी आठवणीने प्यावं लागतं. वेड्या बाभळीचे काटे पातळ चपलेतून सरळ आत जातात, तेव्हा जाड तळव्याचे बूट हवेत, आणि गाडीला स्टेपनी भरलेली.

कोरड्या मुलखात पूर येत नाही ही समजूत जुलै २०१७ ने खोटी पाडली. आबूवर आणि आसपास मुसळधार पाऊस कोसळला आणि बनासकांठ्यात धानेरासारखी गावं पाण्याखाली गेली. कोरडी, कडक जमीन पाणी पिऊन घेत नाही, ते सगळं एकदम ओढ्यात येतं. कोरड्या पात्रात पुराची रेघ शोधायचा नियम रतनमहालपेक्षा इथे जास्त काटेकोर पाळायचा. पहिल्याच फेरीला मात्र एवढ्या लांब जाऊ नका. पाच-सहा तास गाडीत बसून पोचलेलं कुटुंब पहिल्या संध्याकाळी एकमेकांवर वैतागलेलं असतं.

निघण्यापूर्वी गाडीत काय असावं त्याची भली मोठी यादी देत नाही. टॉर्च आणि जादा सेल, प्रथमोपचाराची पेटी, डासांचं मलम, रोख पैसे, दोरी, कचऱ्यासाठी दोन जाड पिशव्या एवढं विसरू नका. बाकीचं घर हलवायची गरज नाही. पेट्रोल देवगड बारियातच भरून घ्या. पुढे पंप कुठे लागेल या भरवशावर राहू नये. अंधार पडण्यापूर्वी पोचायचं, म्हणजे समाहून सकाळी नऊच्या आत निघायचं. घाटवळणांचा रस्ता फार नाही, पण संध्याकाळी गुरं आणि मोटरसायकली विनादिव्याच्या असतात.

मुलांना काय करायचं ते आधी ठरवून नेऊ नका. एक ओढा, थोडे दगड आणि रिकामी दुपार एवढ्यावर दहा वर्षांचं पोर चार तास रमतं. कंटाळा येतो तो आपल्याला. सकाळी सहाला उठून चहा घेऊन ओढ्यापासून लांब, एका जागी तासभर न बोलता बसा. ओल्या मातीवर रात्री कोण येऊन गेलं ते वाटाड्या दाखवेल. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या पावलासारखा दिसतो, पुढे नखांच्या खुणा.

नोंदणी झाली की निघण्याच्या दोन दिवस आधी केंद्रावर एक फोन करा आणि दोन गोष्टी विचारा: ओढ्याला धार आहे का, आणि वरच्या डोंगरात पाऊस झाला का. पहिल्याचं उत्तर नाही किंवा दुसऱ्याचं हो असेल तर तारीख पुढे ढकला. पैसे थोडे बुडाले तरी चालतील.